रविवार पेठेतला मिलिग्रॅमचा काटा आणि ५०० छर्रे

पुण्याच्या रविवार पेठेत सोनारकामाची अवजारे विकणाऱ्या एका दुकानातून गेल्या पावसाळ्यात मी ५० ग्रॅम क्षमतेचा, १ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा १,२५० रुपयांना घेतला. काट्यावर कंपनीचे नाव नाही. खोक्यात एक पारदर्शक झाकण, एक प्लॅस्टिकचा चिमटा आणि काटा जुळवण्यासाठी २० ग्रॅमचे वजन एवढेच होते. एअर रायफलचे छर्रे तोलायचे आहेत असे सांगितल्यावर दुकानदार हसून म्हणाले, "साहेब, सोन्याला चालतो, मग शिशाला का नाही चालायचा?" हा प्रश्न मी मनावर घेतला आणि पुढचे दोन महिने त्याचे उत्तर शोधण्यात घालवले.

हा उद्योग करण्याचे कारण असे. परदेशात लांब पल्ल्याच्या रायफलचे नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात आणि प्रत्येक काडतुसातली दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, तोलून घेतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. शिवाय ५० मीटरच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू टू काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेतच भरलेले असल्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याजोगे नसतेच. त्यामुळे इथल्या नेमबाजाच्या हाती उरते ती निवड. कारखान्यातून आलेल्या मालातून आपल्या नळीला मानवेल तेवढेच उचलायचे. १० मीटर एअर रायफलमध्ये ही निवड म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या, सुमारे ०.५३ ग्रॅम वजनाच्या, चपट्या तोंडाच्या छर्ऱ्यांची निवड.

आता काट्याविषयी. पहिल्या दिवशी एकच छर्रा मी दहा वेळा ठेवला आणि उचलला, तर आकडे ०.५२८ पासून ०.५३२ पर्यंत फिरत राहिले. पंखा बंद केल्यावर आणि काटा पंधरा मिनिटे नुसता चालू ठेवल्यावर हा फरक निम्म्यावर आला, पण गेला नाही. सोबतचे २० ग्रॅमचे वजन ओळखीच्या सराफांच्या काट्यावर ठेवून पाहिले, तेव्हा ते ६ मिलिग्रॅमने कमी भरले. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यात त्यामुळे पडणारा फरक एका मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाएवढाही नाही, हे खरे. तरीही काटा ज्याच्या भरवशावर जुळवायचा तेच वजन खोटे असावे याचा राग आलाच. बॅटरी उतरू लागली की हा काटा काही न सांगता आकडे सरकवत नेतो, ही त्याची सर्वांत वाईट खोड. म्हणून दर वीस छर्ऱ्यांनंतर शून्य तपासण्याची सवय मी लावून घेतली आहे. झाकण मात्र उत्तम आहे. ते घातल्याशिवाय तोलणे म्हणजे स्वतःच्या श्वासाचे वजन करणे. (काटा स्थिर राहावा म्हणून मी प्रथम तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडला होता, छर्रे शिशाचे आहेत हे घरी लक्षात आल्यावर माझी रवानगी बाल्कनीलगतच्या खोलीत झाली, आणि ती योग्यच होती.)

म्हणजे १ मिलिग्रॅमचा दावा हा काटा पाळत नाही. पण आपल्या कामाला तेवढी अचूकता लागते का, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. एअर रायफलचा छर्रा नळीतून सुमारे १७० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो आणि १० मीटरच्या प्रवासात जेमतेम १७ मिलिमीटर खाली येतो. छर्रा १ मिलिग्रॅमने जड झाला, तर वेग इतका थोडा घटतो की लक्ष्यावर फरक पडतो ०.०३ मिलिमीटरचा, तो कोणत्याही नेमबाजाच्या नाडीच्या ठोक्यात बुडून जातो. तोच छर्रा १० मिलिग्रॅमने जड असेल तर फरक ०.३ मिलिमीटरपर्यंत जातो. दशांश गुणांकनात, म्हणजे प्रत्येक नेमाचे गुण दहाव्या हिश्शापर्यंत मोजण्याच्या पद्धतीत, ०.२५ मिलिमीटरला एक दशांश गुण असतो, म्हणजे तिथे एका दशांशाहून जास्त नुकसान होते. ६० नेमांच्या मालिकेत पात्रता एखाद्या दशांशाने हुकलेल्या मुलांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तेव्हा आपल्याला हवा आहे तो पाच-दहा मिलिग्रॅमने चुकलेला छर्रा बाजूला काढणारा काटा, आणि ते काम हा २ मिलिग्रॅमने डगमगणारा काटा व्यवस्थित करतो.

एका चांगल्या जर्मन बनावटीच्या डब्यातले सगळे ५०० छर्रे तीन संध्याकाळी तोलले. त्यांतले ९ ठळकपणे हलके किंवा जड निघाले, आणि आणखी ४ छर्ऱ्यांचा घेर दबलेला होता. हे चार काट्याने नव्हे, डोळ्यांनी सापडले. वजन त्यांचे अगदी बरोबर होते. छर्ऱ्याचा मागचा पातळ घेर नळीत बसून हवा अडवतो, त्यामुळे तो दबलेला असेल तर बिनचूक वजनाचा उपयोग शून्य.

खरा धडा पुढे मिळाला. बालेवाडीच्या क्रीडानगरीत एका परिचित प्रशिक्षकांच्या मदतीने रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट बसवून दहा-दहा नेम मारले आणि भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजले. न तोललेल्या छर्ऱ्यांचा गट ५.९ मिलिमीटर आला आणि तोललेल्यांचा ५.७. इतका फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. त्याच कंपनीचा, त्याच ४.५० मिलिमीटर व्यासाच्या डोक्याचा, पण दुसऱ्या लॉटचा, म्हणजे कारखान्यातल्या वेगळ्या खेपेचा, डबा उघडला, तर गट ७.३ मिलिमीटरवर गेला. तोही डबा मी तोललेला होता आणि त्यात खोट अशी काही नव्हती. त्या नळीला तो लॉट मानवत नव्हता, एवढेच. प्रशिक्षक एवढेच म्हणाले, "आधी लॉट, मग काटा." तीन संध्याकाळी चिमटा धरून बसलेल्या माणसाला हे ऐकणे जड जाते.

त्यामुळे हा काटा कोणी घ्यावा, याचे माझे उत्तर मर्यादित आहे. राज्य पातळीवर खेळणाऱ्या आणि लॉट आधीच निवडलेल्या नेमबाजाने तो जरूर घ्यावा, मात्र २० ग्रॅमचे वजन वेगळे, खात्रीच्या ठिकाणाहून विकत घ्यावे. नुकती सुरुवात केलेल्या मुलाच्या पालकांनी याच पैशांत दोन वेगळ्या लॉटचे डबे आणून रेंजवर तपासून पाहावेत. त्यांना काट्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. सोनारांच्या कामाला हा काटा कसा आहे, यावर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण माझ्या सराफांनी तो हातात घेऊन परत दिला आणि चहा मागवला.

जमलेल्या लॉटचे ११ डबे मी घेऊन ठेवले आहेत. बाराव्याचे पैसे काट्यात गेले होते, आणि परत गेलो तेव्हा तो लॉट संपला होता.