‘ब्रेव्ह’ की ‘फ्रोझन’?

डिस्नेच्या या दोन ॲनिमेशनपटांपैकी जास्त स्त्रीवादी कोणता? ‘फ्रोझन’ (२०१३) मला आवडतो. एका दिवसाच्या ओळखीवर नायिका ॲनाने ठरवलेल्या लग्नाला तिची थोरली बहीण एल्सा नकार देते, आणि शेवटी ॲना वाचते ती राजपुत्राच्या चुंबनाने नव्हे, बहिणीसाठी जीव पणाला लावल्याने. पण कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉवर या भाषाअभ्यासकांनी संवाद मोजले, तेव्हा बायकांच्या वाट्याला निघाले जेमतेम ४१ टक्के. दोन-दोन नायिका असून!

‘ब्रेव्ह’मध्ये (२०१२) हाच आकडा ७४ टक्के. स्कॉटलंडची मेरिडा स्वतःच्या स्वयंवरात स्वतःच धनुष्य घेऊन उतरते, आणि सिनेमा संपतो तरी तिचं लग्न होत नाही. त्याहून मोलाचं म्हणजे भांडण आईशी आहे. रूढी पुढच्या पिढीकडे अनेकदा आईच्याच हातून येतात, आणि इथे मायलेकी दोघी बदलतात. म्हणून माझं मत ‘ब्रेव्ह’ला.

फक्त पडद्याबाहेरचं खुपतं. ही कथा रचणाऱ्या ब्रेंडा चॅपमनला दिग्दर्शनावरून अर्ध्यातच हटवलं. पुढे २०१३मध्ये डिस्नेने नव्या चित्रात मेरिडाची कंबर बारीक केली, धनुष्यही काढून घेतलं. लाखांवर लोकांनी सह्या करून विरोध केला. चॅपमननेही जाहीर विरोध केला.