हॉप्स: गच्चीवर वेल लावायचा की पाकीट मागवायचं?

बीअरला कडवटपणा आणि वास देणारे हॉप्स (एका वेलाची फुलं) छत्रपती संभाजीनगरच्या गच्चीवर येतात का, असं वर्षातून चार-पाच जण तरी मला विचारतात. वेल येतो. दोडक्यासारखा सुतळीला धरून सरसर वर चढतो. प्रश्न पुढचा आहे.

आधी कायद्याचं. वेल लावण्याबद्दल कुणी काही म्हणत नाही, पण १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हा आहे. वाळूजला बीअरचे कारखाने आहेत म्हणून आपल्या घरातल्या पातेल्याला सूट मिळत नाही. मी हॉप्सचा सोडा करतो: गार पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी गाळायचे, लिंबू पिळायचं, वर सोडा ओतायचा. बीअर पुतण्या करतो, तिकडे ओरेगनमध्ये. आमची खरी तुलना त्याच्या परसातल्या वेलाशीच सुरू झाली.

त्याचा वेल वीस फूट जातो आणि जुना झाल्यावर वर्षाला अर्धा ते एक किलो वाळलेला माल देतो. माझा सात-आठ फुटांवरच फुलायला लागला. मला वाटलं, ऊन बाधलं. म्हणून शेडनेट बांधलं, ठिबक लावलं, मे महिन्यात कुंडीवर उसाच्या पाचटाचं आच्छादन केलं. पानं वाचली, फुलं तेवढीच राहिली. चूक उन्हाची नव्हतीच. हॉप्सचा वेल दिवसाची लांबी बघून फुलतो. जर्मनीच्या हालरटाऊ या हॉप्स पिकवणाऱ्या भागात जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो, तोवर वेल नुसता वाढत राहतो आणि दिवस लहान व्हायला लागला की उंच वेलावर भरभरून फुलतो. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. वेलाला पहिल्यापासून वाटतं, हंगाम सरला. मग तो अर्ध्या उंचीवरच उरकून घेतो. भारतात हॉप्सची शेती होते ती हिमाचलातल्या लाहौलमध्ये, तीही याच कारणाने: तिथे दिवस आपल्यापेक्षा लांब आणि हिवाळा कडक. संध्याकाळी एलईडी लावून दिवस लांबवता येतो, पण मग विजेचं बिलही धरा. शिवाय कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. घरात यावरून बोलणी खाल्ली आहेत.

आकडे सांगतो. पहिल्या वर्षी ओले ४० ग्रॅम निघाले, वाळून ९. दुसऱ्या वर्षी ओले १४०, वाळून ३०. वीस लिटर बीअरला ३० ते ६० ग्रॅम वाळलेले हॉप्स लागतात. म्हणजे दोन वर्षांची राखण आणि त्यात एक घाणा जेमतेम.

काढणीत मात्र मजा आहे, ती पाकिटात नाही. कच्चं फूल दाबलं की ओलसर, मऊ लागतं. तयार झालं की कागदासारखं वाजतं आणि दाबून सोडलं की पुन्हा फुगतं. मधून उभं फाडलं तर पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी दिसते. कडवटपणा आणि वास सगळा त्या भुकटीत. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, वेलाच्या खरखरीत लवेने हातावर ओरखडे उठतात. पहिल्या वर्षी मी फुलं सांडग्यांसारखी गच्चीवर कडक उन्हात वाळत घातली. संध्याकाळपर्यंत रंग उडाला, वासाच्या जागी वाळलेल्या गवताचा दर्प. आता खोलीत, चाळणीवर, पंख्याखाली. देठ वाकण्याऐवजी कट्कन मोडला की वाळले समजायचं, लगेच हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. घरात कुत्रा असेल तर एकही फूल खाली पडू देऊ नका. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याचा ताप जिवावर बेतेल इतका चढू शकतो.

पाकिटातल्या हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या. पण पाकिटावर कडवटपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं. कॅस्केड नावाच्या हॉप्सच्या जातीत ते साधारण साडेचार ते सात टक्के. त्यावरून किती कडू होणार याचा हिशेब आधीच मांडता येतो. घरच्या फुलांचा कडवटपणा तोंडात घालेपर्यंत कळत नाही. पुतण्यासुद्धा घरचा माल शेवटी वासापुरताच टाकतो, कडवटपणासाठी पाकीटच फोडतो. एकच सांगणं, गोळ्या मे महिन्यात मागवू नका. कुरिअरच्या तापलेल्या गाडीत दोन दिवस राहिल्या की वासाची वाट लागते. दिवाळीनंतर मागवा.

चवीसाठी हवे असतील तर मी सरळ पाकीट घ्यायला सांगेन. वेल लावायचाच असेल तर मादी वेलाचाच गड्डा मागा, नराला ही फुलं धरत नाहीत. आणि पूर्वेच्या भिंतीला लावा, दुपारची सावली मिळेल. माझा तिथेच आहे. उन्हाळ्यात त्याच्याखाली खाट टाकता येते, एवढ्यावर घरच्यांनी त्याला राहू दिलंय.