प्युअर डेटा: सूर कळतो, कोड कळत नाही अशांसाठी

संगणकावर ध्वनी घडवायचा आहे, पण कोड लिहिता येत नाही, अशा माणसाला सहसा 'प्युअर डेटा' सुचवले जाते. मिलर पकेट यांनी 1980च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन संस्थेत 'मॅक्स' हे चौकटी जोडून ध्वनी घडवण्याचे सॉफ्टवेअर तयार केले आणि 1990च्या दशकात त्याच धर्तीवर हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर लिहिले. मॅक्स विकत घ्यावे लागते. प्युअर डेटा फुकट आहे आणि नागपूरच्या बर्डी बाजारातून घेतलेल्या माझ्या सेकंडहँड लॅपटॉपवर ते विनातक्रार चालते. पेटी बऱ्यापैकी वाजते, प्रोग्रॅमिंगचा मात्र गंध नाही, एवढ्या भांडवलावर मी ते शिकायला घेतले; हा अभिप्राय त्याच बेताने वाचावा.

सुरुवातीला समोर कोरा पांढरा पडदा येतो. त्यावर चौकटी मांडायच्या, प्रत्येकीत एक नाव टाइप करायचे आणि त्या तारांनी जोडायच्या. 'ऑस्क' साइन लहर, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा साधा स्वर, निर्माण करतो, 'डॅक' ती हेडफोनपर्यंत पोहोचवतो. ज्या नावाच्या शेवटी टिल्डचे चिन्ह (~) असते त्या चौकटीतून अखंड ध्वनी वाहतो आणि त्याची तार जाड दिसते. बारीक तारांतून केवळ आकडे आणि संदेश जातात. एवढे चटकन समजते. मात्र ऑस्क पूर्ण जोराने वाजतो, म्हणून मध्ये 0.1ने गुणणारी चौकट टाकल्याशिवाय हेडफोन कानाला लावू नये.

रागसंगीत शिकलेल्याला याची खरी किंमत कळते ती कंपनसंख्या हाती आल्यावर. काळी एकचा षड्ज 138.59 हर्ट्झ धरला, तर त्याला 1.25ने गुणून 173.24चा शुद्ध गंधार मिळतो. सप्तकाचे बारा समान भाग करून जुळवलेल्या पेटीचा गंधार मात्र 174.61वर बसतो. दोन ऑस्क या दोन आकड्यांवर एकत्र वाजवले, की नाद दर सेकंदाला सव्वा ते दीड वेळा फुगतो आणि ओसरतो. पेटीचा गंधार चढा असतो हे गवयांचे म्हणणे येथे स्वतःच्या कानांनी तपासता येते. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागच्या वादात पेटीच्या सुरांबद्दलचा हा आक्षेपही होता. (मे महिन्यात हा प्रयोग करताना थोडा वेळ कूलर बंद ठेवावा लागतो, अन्यथा त्याच्या घरघरीत सगळे बुडते.)

त्रास होतो तो 'हॉट' आणि 'कोल्ड' इनलेटपाशी, म्हणजे चौकटीत तार आत येण्याच्या डाव्या-उजव्या जागांपाशी. बेरजेच्या चौकटीला उजवीकडून नवी संख्या दिली तर ती नुसती साठवली जाते. डावीकडून संख्या आली की मगच उत्तर बाहेर पडते. हे एकदा लक्षात ठेवता येते. पण एकाच आउटलेटमधून (तार बाहेर पडण्याच्या जागेतून) दोन तारा निघाल्या असतील, तर आधी कोणती चालणार हे त्या जोडण्याच्या क्रमावर ठरते, पडद्यावरील मांडणीवर नव्हे, आणि त्यामुळे दिसायला हुबेहूब सारखे असणारे दोन पॅच (चौकटी-तारांच्या जोडण्या) वेगळे वागू शकतात. जे आहे ते चित्रात दिसावे म्हणून तर आपण या वाटेला येतो. तिथेच चित्र मौन पाळते. 'ट्रिगर' ही चौकट उजवीकडून डावीकडे असा क्रम बांधून देते आणि ती पहिल्या दिवसापासून वापरावी, असे माझे ठाम मत आहे.

मदतीची सोय मात्र उत्तम आहे. कोणत्याही चौकटीवर राइट-क्लिक करून 'हेल्प' निवडले, की माहितीसोबत प्रत्यक्ष वाजणारा पॅचच उघडतो; त्यातील आकडे बदलून पाहावेत आणि हवा तो भाग उचलून आपल्या पॅचमध्ये चिकटवावा. मजकूर इंग्रजीत आहे, पण ऐकून बरेचसे उमगते.

झटपट गाण्याचा ट्रॅक हवा असेल त्याने याच्या नादी लागू नये. तानपुऱ्याचा स्वर, श्रुती, नादाचा पोत यांत रमणाऱ्याने जरूर घ्यावे, आणि जुनाट रूप खटकत असेल तर 'प्लगडेटा' घ्यावे. आत भाषा हीच आहे, चेहरा नवा आहे आणि तेही मोफत मिळते.