‘द फ्लॅश’ सीझन ५: लेक झकास, काळाचं गणित कच्चं

अमेरिकेतल्या सीडब्ल्यू वाहिनीच्या ‘द फ्लॅश’चे नऊ सीझन आहेत आणि १८४ भाग. सगळे बघायची कोणालाच गरज नाही. पण घराण्याचा वारसा आणि टाइम ट्रॅव्हल यांची सांगड सुपरहिरो मालिकेत कशी घालतात, आणि ती कुठे फसते, हे एकाच ठिकाणी बघायचं तर पाचवा सीझन घ्यावा. ९ ऑक्टोबर २०१८ ते १४ मे २०१९ या काळात आलेले हे २२ भाग आहेत. एक भाग साधारण ४२ मिनिटांचा, म्हणजे सगळा ऐवज पंधरा तासांच्या वर जातो. त्यातले सहा-सव्वासहा तास फार चांगले आहेत, उरलेल्यात भरताड बरीच. पुढे शेवटासकट सगळं सांगितलंय. ज्यांना रहस्य राखून बघायचंय त्यांनी आधी मालिका बघून यावं.

मांडणी सोपी आहे. बॅरी ॲलन म्हणजे अफाट वेगाने पळणारा फ्लॅश (ग्रँट गस्टिन) आणि त्याची बायको आयरिस (कँडिस पॅटन) यांच्या दारात २०४९ सालातून त्यांची मोठी झालेली मुलगी येऊन उभी राहते. तिचं नाव नोरा, म्हणजे बॅरीच्या आईचं. आजीचं नाव नातीला, ही आपल्या ओळखीचीच रीत. इथे मात्र नावाबरोबर एक खूनही वारशात येतो. १८ मार्च २००० च्या रात्री इओबार्ड थॉन ऊर्फ रिव्हर्स-फ्लॅशने बॅरीच्या आईला मारलं आणि पूर्ण मालिका त्या एका रात्रीवर उभी आहे. २०२४ च्या ‘क्रायसिस’ नावाच्या महासंकटात बॅरी गायब होतो, त्यामुळे नोराला बाप ठाऊक आहे तो फ्लॅश म्युझियममधल्या वस्तूंमधून. ती आलीय बापासोबत राहायला. परत जाता येत नाही, शरीरात निगेटिव्ह टॅकिऑन नावाचे कण आहेत, हे तिने सांगितलेलं कारण खोटं निघतं. ते खोटं पकडलं जाण्याची पद्धतही चांगली आहे: भांडाफोड होतो तो घरातल्या संशयातून, खलनायकाच्या हल्ल्यातून नाही.

नोराचं काम जेसिका पार्कर केनेडीने केलंय. गंमत म्हणजे पडद्यावरच्या बापापेक्षा ती पाच वर्षांहून अधिक मोठी आहे (जन्म १९८४, गस्टिनचा १९९०). तरी पहिल्या दोन भागांनंतर ते जाणवत नाही, कारण तिने वयापेक्षा अधाशीपणावर काम केलंय. बाप बोलत असताना ती त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहते, प्रत्येक क्षुल्लक गोष्टीवर जरा जास्तच खूश होते. सुरुवातीला हे चिडचिडं वाटतं, ‘श्वे’ हा तिचा भविष्यातला लाडका शब्द तर डोक्यात जातो. अठराव्या भागानंतर मागे वळून बघितलं की लक्षात येतं, तो सगळा उत्साह दडपलेल्या भीतीचा होता.

सीझनचा खरा कणा बापलेक नव्हेत, मायलेकी आहेत. भविष्यातल्या आयरिसने नोराच्या शरीरात तिच्या नकळत एक चिप बसवली होती, बापाकडून आलेली वेगाची शक्ती दाबून ठेवणारी. नवरा वेगापायी गेला, मुलगी जाऊ नये, एवढाच त्यामागचा हिशोब. मुलीला ते कळतं तेव्हा ती आईशी बोलणं टाकते आणि भूतकाळात येऊन त्याच आईच्या तरुण रूपावर राग काढते. तरुण आयरिसने तर अजून काहीच केलेलं नाही. चौथ्या ‘न्यूज फ्लॅश’ या भागात हा पेच नीट मांडलाय. अजून न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायची कशी आणि ती द्यायची कोणी? सुपरहिरो मालिकेत टाइम ट्रॅव्हलचा याहून चांगला घरगुती उपयोग क्वचितच झाला असेल. लेखकांनी आयरिसला खलनायिका केलेलं नाही आणि घाईने निर्दोषही ठरवलेलं नाही. एकोणिसाव्या भागात ती टीममधल्या राल्फला घेऊन टाइम स्फिअर या कालयानाने थेट २०४९ ला जाते, कारण बॅरीने रागाच्या भरात मुलीला तिकडे सोडून दिलेलं असतं. आईचा निर्णय बापाच्या निर्णयापेक्षा शहाणा आहे आणि मालिका ते मान्य करते.

वारशाचा धागा इतरत्रही पेरलाय, तोही यांत्रिक तपशिलात. बॅरीच्या टीममधल्या कॅटलिनची किलर फ्रॉस्टची, म्हणजे बर्फाची, शक्ती इतरांसारखी पार्टिकल ॲक्सिलरेटरच्या स्फोटातून आलेली नाही, ती तिच्या वडिलांच्या, थॉमस स्नोच्या प्रयोगातून आलीय. म्हणून या सीझनचा खलनायक सिकाडा याचा खंजीर बाकी सगळ्यांची शक्ती शोषतो तेव्हा तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही. खंजीर त्या स्फोटातल्या डार्क मॅटरवर चालतो, हिच्या रक्तात ते नाहीच. बापाचं कर्तृत्व लेकीला वाचवतं, आणि हे संवादातून पटवण्याऐवजी मारामारीच्या नियमात बसवलंय. मालिकेच्या लेखनातली ही सर्वांत नेटकी जागा आहे.

आता सिकाडा. कागदावर हा खलनायक नोराच्या घराण्याचा आरसा आहे: ऑर्लिन ड्वायर हा कामगार माणूस, भाची ग्रेसला सांभाळणारा, तिच्या आईबापांना मेटाह्यूमनने (अशी शक्ती असलेल्या माणसाने) मारलं म्हणून सगळ्याच मेटांच्या जिवावर उठलेला. स्टार लॅब्सच्या, म्हणजे बॅरीच्या टीमच्या प्रयोगशाळेच्या, पडलेल्या उपग्रहाचा तुकडा त्याचा खंजीर झाला आणि ग्रेस कोमात गेली. उपग्रह असा पडला तो नोराने चौथ्या सीझनच्या शेवटी बापाला मदत केल्यामुळे. मूळ टाइमलाइनमध्ये सिकाडा डेव्हिड हर्श नावाचा दुसराच माणूस होता, म्हणजे नोराच्या हस्तक्षेपाने खलनायकच बदलला. कल्पना उत्तम. पडद्यावर मात्र क्रिस क्लाइन मास्कमागून घोगऱ्या आवाजात तीच दोन वाक्यं आळवतो, हॉस्पिटलच्या खोलीत ग्रेसच्या उशाशी बसतो, खंजीर फेकतो, परत बोलावतो, निसटतो. टीम दर वेळी हरते आणि दर वेळी तो टीममधल्या कोणाला ठार न करता निघून जातो. २२ भागांना एक खलनायक पुरवायचा म्हटल्यावर हे होणारच. दहा-बारा भागांचा ऐवज ताणून दुप्पट केला की असंच पातळ होतं. सोळाव्या भागात तो अखेर शक्ती घालवणारं औषध (क्युअर) घ्यायला तयार होतो आणि तेव्हाच भविष्यातून मोठी झालेली ग्रेस (सारा कार्टर) येते, पुढे मामालाच संपवते. भविष्यातून आलेली दुसरी लेक! इथे मालिकेने दोघींना समोरासमोर बसवायला हवं होतं. एकीने बापाचं नाव घेतलं, दुसरीने मामाचा सूड. तशी जमलेली झुंज मिळत नाही, मिळतात ते आणखी पाठलाग.

शंभरावा भाग हा सीझनचा आठवा, ‘व्हॉट्स पास्ट इज प्रोलॉग’. ४ डिसेंबर २०१८ ला आला, दिग्दर्शन टॉम कॅव्हनाचं. खंजीर निकामी करायला तीन गोष्टी जमवायच्या असतात: तिसऱ्या सीझनचा खलनायक सॅव्हिटारच्या चिलखताचा तुकडा, स्पीड फोर्स (बॅरीच्या वेगाचा स्रोत) ट्रान्समीटर आणि ॲक्सिलरेटर स्फोटाच्या रात्रीचं डार्क मॅटर. म्हणजे बापलेक तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या सीझनमध्ये जाऊन येतात. हा भाग जुन्या क्लिपांची जत्रा होण्याचा धोका होता. तो टळतो, कारण प्रत्येक थांब्यावर बॅरीला स्वतःचा जुना अपमान किंवा जुनी चूक मुलीदेखत बघावी लागते, आणि नोराला कळतं की म्युझियममधला बाप अर्धाच होता. शेवटच्या मिनिटात नोरा २०४९ च्या तुरुंगात जाते आणि काचेपलीकडे थॉन बसलेला दिसतो. आजीच्या खुन्याकडून नात शिकवणी घेतेय. सीझनचा सगळा ताण तिथून सुरू होतो.

कॅव्हना इथे दोन भूमिका करतो. शरलॉक वेल्स हा फ्रेंच लकबीचा गुप्तहेर दहाव्या भागापर्यंत कंटाळा आणतो, पण नोराची सांकेतिक लिपीतली वही तोच उलगडतो म्हणून त्याला सहन करावं लागतं. थॉन म्हणून मात्र कॅव्हना लाजवाब आहे. मृत्युदंडाची उलटी मोजणी चालू असताना तो नोराशी खरोखरच मायेने बोलतो की खेळवतोय, हे शेवटपर्यंत कळू देत नाही.

काळाच्या गणितात मात्र चांगलीच गळती आहे. पहिल्या सीझनच्या अखेरीस एडी थॉन स्वतःवर गोळी झाडतो, तो इओबार्डचा पूर्वज म्हणून इओबार्ड तिथेच विरून जातो. पण इओबार्डने केलेले खून तसेच राहतात. पुढे तो स्वतःच्याच आयुष्याच्या आधीच्या टप्प्यावरून परत येतो आणि ‘टाइम रेम्नंट’ नावाचं ठिगळ लागतं. तिसऱ्या सीझनमध्ये बॅरी भूतकाळात जाऊन आईला वाचवतो त्या ‘फ्लॅशपॉइंट’नंतर ‘ॲरो’मधल्या डिगलची मुलगी सारा जाऊन तिच्या जागी मुलगा जॉन येतो. म्हणजे भूतकाळाला हात लावला की घरातलं मूल बदलतं, हा नियम तिथे पक्का झालेला. मग नोरा पूर्ण सीझनभर आईबापांना भविष्य सांगत फिरते, उपग्रहाची वाट बदलते, तरी तिच्या जन्माला धक्का लागत नाही. चौदाव्या ‘कॉज अँड एक्सएस’मध्ये (एक्सएस हे नोराचं सुपरहिरो नाव) ती तोच दिवस पुन्हापुन्हा मागे नेते, तरीही नाही. आणि शेवटच्या ‘लेगसी’ या भागात खंजीर नष्ट झाल्यावर ती पुसली जाते. का? खंजीर २०४९ मध्ये थॉनची शक्ती दाबण्यासाठी वापरात होता, म्हणून तो नष्ट होणं थॉनच्या सुटकेसाठी गरजेचं, हे समजतं. राल्फला हा डाव ऐनवेळी उमगतो, तोवर मिरर गन या हत्याराने खंजीर नष्ट झालेला असतो. पण खंजीर गेल्याने बॅरी-आयरिसला मूल का होणार नाही, याचं सरळ उत्तर मालिका देत नाही. नवी टाइमलाइन येतेय एवढंच ऐकू येतं. भरीला भर, पुसल्या गेलेल्या मुलीची आठवण आईबापांना राहते आणि तिने ठेवलेला व्हिडिओसुद्धा शाबूत राहतो.

तरी तो प्रसंग काम करतो. नोराकडे सुटकेची वाट असते: थॉनच्या वेगाचा स्रोत असलेल्या निगेटिव्ह स्पीड फोर्समध्ये लपलं तर ती वाचेल. त्याची किंमत म्हणजे राग कायमचा अंगात मुरवून घेणं, थॉनसारखं होणं. आधीच्या भागांत ती लाल वीज आपण तिच्या अंगातून निघताना बघितलेली असते, म्हणून नकाराला वजन येतं. वारसा दोन्हीकडून मिळालाय, आजीच्या नावाचा आणि आजीच्या खुन्याच्या शिकवणीचा, आणि ती निवडते एकच. गस्टिन आणि पॅटन या प्रसंगात फारसं बोलत नाहीत, तेच बरं झालं.

त्यानंतरचा एक बारकावा चुकवू नका. स्टार लॅब्समधल्या टाइम व्हॉल्ट या गुप्त खोलीत दिसणाऱ्या भविष्यातल्या वर्तमानपत्रावर पहिल्या सीझनपासून २५ एप्रिल २०२४ ही तारीख असते, फ्लॅश बेपत्ता झाल्याची. या भागात ती बदलून १० डिसेंबर २०१९ होते. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’चा फ्लॅशच्या वाट्याचा भाग प्रत्यक्षात त्याच तारखेला प्रसारित झाला.

कॉमिक्सचे वाचक असाल तर एक फरक आधीच मान्य करून बसा: मूळ कॉमिक्समध्ये बॅरीची मुलं डॉन आणि डॉन, हे जुळे. एक मुलगा, एक मुलगी, इंग्रजी स्पेलिंग मात्र वेगवेगळं. एक्सएस ही त्यातल्या मुलीची लेक, जेनी ऑग्नॅट्स. मालिकेने एक पिढी गाळून एक्सएस हे नाव थेट लेकीला दिलंय. एक पिढी गेल्याने नाटक घट्ट झालं, तक्रार नाही.

वेळ कमी असेल तर तयारीला पहिल्या सीझनचे पहिला आणि २३ वा, तिसऱ्याचे पहिले दोन आणि चौथ्याचा शेवटचा भाग बघा. मग पाचव्यातले १, ४, ८, १२, १४, १७, १८, २१ आणि २२. कॅटलिनसाठी सहावा, आयरिससाठी एकोणिसावा जमल्यास जोडा. पंधराव्यातली किंग शार्क आणि ग्रॉड या गोरिलाची हाणामारी फक्त ग्राफिक्सच्या हौसेपुरती. ‘एल्सवर्ल्ड्स’ क्रॉसओव्हर (नववा भाग) या कथेला काहीच देत नाही, आणि तो एकटा बघून कळणारही नाही, कारण पुढचे दोन भाग ‘ॲरो’ आणि ‘सुपरगर्ल’मध्ये आहेत.

क्रम मात्र मोडू नका. अठरावा ‘गॉडस्पीड’ भाग नोराची २०४९ मधली पूर्वकथा सांगतो, म्हणून तो आधी बघण्याचा मोह होईल. तसं केलंत तर आठव्या भागाचा शेवट फुकट जाईल. सीझन संपल्यावर नोरा हवीशी वाटली तर थेट सातव्या सीझनच्या शेवटच्या जोडभागावर जा, तिथे ती धाकटा भाऊ बार्टसोबत (जॉर्डन फिशर) येते. ती नव्या टाइमलाइनमधली नोरा आहे, आईशी वैर नसलेली, त्यामुळे केनेडीला करायला काम कमी मिळालंय. बार्ट मात्र धमाल आहे.