एल्गारचा व्हायोलिन कन्चर्टो: १९१६ की १९३२?

इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गारने (१८५७–१९३४) हा कन्चर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, स्वतः संचालन करून दोनदा ध्वनिमुद्रित केला. आधी १९३२चं मुद्रण ऐका. सोळा वर्षांचा व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ, समोर मायक्रोफोन. सहा तबकड्यांवर पूर्ण रचना.

१९१६ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हताच. व्हायोलिनवादक मेरी हॉल आणि छोटा वाद्यवृंद आवाज गोळा करणाऱ्या भोंग्यासमोर दाटीवाटीने वाजवत होते. एका बाजूवर जेमतेम चार मिनिटं मावत, त्यामुळे पन्नासेक मिनिटांचं संगीत चार बाजूंत कोंबलं आणि बहुतेक भाग गळाला. तरीही त्यातला कॅडेन्झा, म्हणजे व्हायोलिनचा एकल भाग, चुकवू नका. मूळ रचनेत तिथे तंतुवाद्यं बोटांनी हलकेच छेडतात. ती कुजबुज भोंग्याला पकडता येण्यासारखी नव्हती, म्हणून एल्गारने खास हार्पची साथ लिहिली. रचनाकाराने यंत्रासाठी केलेला हा बदल इथे कानी पडतो, आणि तो विलक्षण सुंदर आहे.

जुन्या तबकडीचा वेग मात्र तपासा. मिनिटाला ७८ऐवजी ८२ फेरे झाले तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. रचना बी मायनर या स्वरपट्टीत आहे; पियानोशी ताडून वेग जुळवा.