हायपॅलॉन सांगितली, खेळणं आलं

2019च्या महापुरात चिखली-आंबेवाडीत एनडीआरएफच्या रबरी बोटी फिरल्या, तेव्हापासून कोल्हापुरात ‘तीच बोट’ म्हटलं की माणूस भुलतो. विकणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. इथल्या एका गिऱ्हाइकाला देवगड आणि देवबागच्या खाडीत वल्हवायला, पुढेमागे छोटं इंजिन लावायला बोट हवी होती. फोनवर सांगणं असं: 2.7 मीटर, चार माणसं, ओरिजिनल ड्युपाँट हायपॅलॉन (बोटींसाठीचं टिकाऊ रबर), वेल्डिंगचे जोड. निम्मे पैसे आधी. ट्रान्सपोर्टला आलं ते 11 किलोचं खोकं.

फसवणूक तिथेच उघडी पडते. 0.9 मिलिमीटर पीव्हीसीची, फळ्यांच्या तळाची 2.7 मीटरची बोट साधारण 25 ते 30 किलो भरते. अ‍ॅल्युमिनियमचा तळ असेल तर आणखी जड. पैसे देण्याआधी ‘खोक्याचं वजन किती?’ एवढं विचारलं तरी अर्धे भामटे फोन ठेवतात.

आता हायपॅलॉन. हे ड्युपाँटचं नाव, आणि त्यांनी 2010 सालीच ते बनवणं बंद केलं. त्याच जातीचं रबर इतर कंपन्या बनवतात, ते सीएसएम नावाने मिळतं आणि चांगलंही असतं. पण ते उष्णतेने वेल्ड होत नाही, चिकटवावंच लागतं. त्यामुळे ‘वेल्डेड हायपॅलॉन’ म्हणजे शुद्ध थाप. वेल्डिंग होतं पीव्हीसीचं, आणि आपल्या दमट उन्हात चिकटवलेल्या स्वस्त पीव्हीसीपेक्षा तेच बरं. सांध्याची पट्टी नखाने उचलली जात असेल तर बोट परत.

कापड ओळखायची खात्रीची युक्ती म्हणजे दुरुस्तीच्या डब्यातलं ठिगळ. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा गुजरीतल्या एखाद्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. 0.9 मिलिमीटरचं जाळीदार पीव्हीसी 10-11 ग्रॅम भरतं. इथे जेमतेम 5 भरलं, आणि कडेला धाग्यांची जाळी दिसलीच नाही. नुसतं व्हिनाइल, पोहण्याच्या तलावातलं खेळणं. खाडीतल्या खडकांवर कालवं असतात, त्यांच्या धारेपुढे ते टिकत नाही.

लांबी बाहेरून मोजतात, बसायचं असतं आत. 2.7 मीटर लांब, दीड मीटर रुंद बोटीचे हवेचे नळे 42 सेंटिमीटर जाडीचे असले तर आत रुंदी उरते 66 सेंटिमीटर, लांबी साधारण पावणेदोन मीटर. दोन मोठी माणसं आणि सामान, चार नव्हेच. माणसं, किलो, इंजिनची ताकद आणि हवेचा दाब लिहिलेली पट्टी बोटीच्या मागच्या फळीवर चिकटवलेली असते. तिचा फोटो आधी मागा. हवेचे कप्पे किमान तीन, वेगवेगळे हवेत: ओहोटीच्या वेळी देवबागच्या संगमाकडे पाणी जोरात ओढतं, तिथे एक कप्पा गेला तरी बाकीचे तारतात.

नळ्यांत 0.25 बार, म्हणजे 3.6 पीएसआय भरतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कधीच नको, त्याच्या काट्यावर 3.6 धड दिसतही नाही. सावलीत फुगवून चोवीस तास ठेवा, जोडांवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडा. उन्हात ठेवाल तर 30 अंशांवर भरलेला 0.25 बार 60 अंशांना 0.37च्या आसपास जातो, आणि मग जोड उलगडला की विक्रेता म्हणणार, तुम्हीच जास्त भरली.

विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकाचीही तीच गत होती. गोदाम मुंबईत सांगितलं, तर क्रमांकाचे पहिले दोन आकडे 27 हवेत, नव्हते. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव दिसतं, दोन मिनिटांचं काम.

पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930ला, फोन करा आणि बँकेला कळवा. माल आला पण भलताच आला, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरच्याच ग्राहक आयोगात करता येते; मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. खोकं फोडताना सलग व्हिडिओ घ्या. आणि खोक्यावरची ट्रान्सपोर्टची चिठ्ठी फाडून टाकू नका, 11 किलो तिच्यावरच छापलेले असतात.