पंप ट्रॅकसाठी घेतलेली २६ इंची सायकल: दोन उन्हाळे चालवल्यानंतर

नागपंचमीला आमच्याकडे साताऱ्यात चिंचेच्या झाडाला झोके बांधायचे. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं आणि झोका चढवायचा. ढकलायला कुणी नसायचं. झोका खाली आला की गुडघे ताठ करून अंग वर उचलायचं, टोकाला गेला की खाली बसायचं, एवढ्यावर झोका फांदीला भिडायचा. तीस वर्षांनी पंप ट्रॅकवर पहिली अख्खी चक्कर पूर्ण झाली तेव्हा माझ्या पायांना तेच आठवलं. इथेही पायडल मारायचं नसतं. मातीच्या उंचवट्यांची रांग असते, त्यांना रोलर म्हणतात, आणि वळणावर भिंतीसारखा कललेला बर्म. उंचवटा चढताना हातपाय सैल सोडून सायकल अंगाकडे येऊ द्यायची, उतरताना तिला खाली दाबायची. जमलं की वेग आपोआप वाढत जातो.

झोक्याची गोष्ट आधी सांगितली, कारण सायकल निवडताना नेमकी तीच माझ्या लक्षात आली नव्हती आणि त्यापायी माझे पैसे आणि एक मनगट दोन्ही दुखावले.

आम्ही कोलोरॅडोत बोल्डरला राहतो. इथलं व्हॅलमाँट बाइक पार्क शहराने २०११ साली सुरू केलं, प्रवेश फुकट. पंप ट्रॅक आहेत, आणि शेजारी डर्ट जंपच्या रांगा, अगदी लहान मुलांच्या उड्यांपासून ते नुसतं बघूनच पोटात गोळा येईल अशा उड्यांपर्यंत. माझी लेक बारा वर्षांची. ती २० इंची बीएमएक्स, म्हणजे उड्या-कसरतींची लहान चाकांची सायकल, चालवते. तिला नेऊन सोडायचं आणि बाकावर बसायचं, असं वर्षभर केलं. मग एक दिवस मीही माझी डोंगरात चालवायची सायकल घेऊन उतरले. २९ इंची चाकं, पुढे-मागे शॉकअप, १४० मिलिमीटरचे. जंगलातल्या दगडगोट्यांत ही सायकल म्हणजे पलंग. पंप ट्रॅकवर मात्र तिसऱ्या रोलरला थांबली. मी दाबत होते तो जोर मातीपर्यंत पोचायच्या आतच शॉकअप पिऊन टाकत होता. झोक्याला दोराऐवजी रबर बांधलं तर काय होईल, तसंच. लेक बाजूने ओरडली, "आई, पायडल नको मारूस, दाब!" मी दाबतच होते गं.

मग घाईत एक स्वस्त नवी सायकल घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदाराला मी स्पष्ट सांगितलं होतं की छोट्या उड्या मारणार आहे, आणि तो म्हणाला होता चालेल. २१ गिअर, पुढे हलकासा स्प्रिंगचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), सीट उंच. दुसऱ्या आठवड्यात एका टेबलटॉपवर, म्हणजे मध्ये खड्डा नसलेल्या, वरून सपाट उडीवर, हवेत असतानाच चेन सुटली. खाली आल्यावर सावरायला पायडल मारलं ते रिकामंच फिरलं आणि मी उजव्या हातावर पडले. सहा आठवडे पट्टा. याचा मला आजही राग आहे. माणूस विचारून घेतो तेव्हा "या कामाला ही सायकल नाही" एवढं सांगणं दुकानदाराचं कामच आहे.

ते सहा आठवडे मी वाचण्यात आणि पार्कात लोकांच्या सायकली निरखण्यात घालवले. त्यानंतर घेतलेली, म्हणजे आज जिच्याबद्दल लिहायला बसले ती, एनएस बाइक्सची मॅजेस्टी. एनएस ही पोलंडची कंपनी. डर्ट जंपच्या सायकलींत पोलंडची नावं बरीच दिसतात, डार्टमूरही तिकडचीच. फ्रेम क्रोमोली या मजबूत मिश्र स्टीलची, चाकं २६ इंची, गिअर एकच, ब्रेक फक्त मागे. सेकंड हँड, ६५० डॉलरला. आधीच्या मालकाने पुढचा चिमटा बदलून रॉकशॉक्सचा पाइक डीजे बसवलेला होता, १०० मिलिमीटरचा, हवेवर चालणारा. सौदा पटायचं निम्मं कारण तो चिमटा.

चिमट्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळा घोळ इथेच होतो. पंप ट्रॅकपुरतं बघितलं तर शॉकअप नसलेलाच बरा, बीएमएक्सला नसतोच. पण उडी थोडी कमी पडली आणि पुढचं चाक उताराच्या कडेवर आपटलं, तर तो धक्का थेट मनगटात येतो, आणि माझं मनगट आता तो सोसणारं नाही. म्हणून १०० मिलिमीटर, पण कडक. माझं वजन ५८ किलो. मी हवा अशी भरली आहे की सायकलवर उभी राहिले तर चिमटा जेमतेम सेंटीमीटरभर दबतो. नळीवर रबरी कडं असतं, ते कुठवर सरकलं ते बघायचं. एका संध्याकाळी पंप खिशात ठेवून चार-चार चकरांनी थोडी थोडी हवा वाढवत गेले. एका टप्प्यावर फरक कानाला कळला. आधी प्रत्येक खळग्यात चिमट्याचा "फुस्स" आवाज यायचा. तो थांबला, फक्त टायरचा आवाज उरला, आणि त्याच चकरेत पहिल्यांदा पायडल न मारता मी सुरुवातीच्या उंचवट्यावर परत येऊन थांबले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं.

टायरचंही तेच. मॅक्सिसचे डीटीएच आहेत, २.३ इंच रुंद, बारीक नक्षीचे. डोंगरातल्या सायकलीत मी २२ पौंड हवा ठेवते, इथे ५०. जोर खाणारी एकेक गोष्ट कमी करत जायचं, एवढंच सूत्र.

चाकाचा आकार ठरवायला लेकीची बीएमएक्स दोन रविवार चालवली. २० इंची चाक दोन दाबांत वेग घेतं, बर्ममधून फिरकीसारखं निघतं. पण उंचवट्यांचं अंतर थोडं चुकलं की ती माफ करत नाही. २६ इंची सायकल चूक पोटात घालते, वेग घ्यायला मात्र जरा जास्त मेहनत मागते. जागतिक स्पर्धेत दोन्ही धावतात. पंप ट्रॅकची पहिली जागतिक अंतिम फेरी २०१८ साली आर्कान्सात स्प्रिंगडेलला झाली आणि पुढच्या वर्षीपासून सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआय यात आली. तिथल्या चित्रफिती बघितल्या तर एकाच शर्यतीत लहान चाकं आणि मोठी चाकं शेजारी शेजारी दिसतात. म्हणजे "हेच बरोबर" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. चाळिशीत सुरुवात करणाऱ्याला मी २६ म्हणेन. दहा-बारा वर्षांच्या पोराला २०.

जुनी सायकल घेताना काय बघितलं तेही सांगते. पार्किंगमध्ये सायकल उलटी केली आणि हँडलच्या खाली, जिथे दोन नळ्या पुढे येऊन जोडल्या जातात, त्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं. उड्या मारलेली फ्रेम आधी तिथेच तडकते. रंगात केसाएवढी रेघ असती तरी घेतली नसती. मग चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवरून नख ओढलं. नख अडकलं की तेल गळणार हे नक्की. हँडलचा सांधा ढिला आहे का तेही बघायचं होतं, पण पुढचा ब्रेक नाही, मग चाक अडवणार कसं? पुढचं चाक भिंतीला टेकवून सायकल पुढे ढकलली आणि हँडलच्या सांध्यावर दुसरा हात ठेवला. खटखट लागली नाही. मागचं चाक किंचित लचकत होतं, ते आरे ओढून घरीच सरळ केलं.

चेन ताणायला मागे वेगळं यंत्र नसतं. नट सैल करायचे, चाक मागे ओढायचं, पुन्हा आवळायचे. मधोमध बोटाने दाबली तर अर्धा इंच हलावी. पहिल्या महिन्यात हे मला दर आठवड्याला करावं लागलं, आता महिन्यातून एकदा. पंधराचा पान्हा गाडीत कायमचा पडलेला असतो. पुढे २८ दाती, मागे १२, त्यामुळे उडीच्या आधीच्या उतारावर तीन-चार पायडलं पुरतात आणि पाय हवेत फिरत नाहीत.

ब्रेकची सवय लागायला वेळ लागला. गावाकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक, इथे उजव्या हाताला मागचा, आणि या सायकलीला तो एकच. पुढचा का नाही? उडीवर त्याचं काम जवळपास नसतं, आणि हवेत हँडल गरकन गोल फिरवणाऱ्या पोरांना वायर आडवी येते. मी तसं हँडल फिरवणार नाही, तरी बसवला नाही, कारण घाबरून नको तिथे पुढचा ब्रेक दाबण्याची मला भीती होती. पण म्हणूनच ही सायकल रस्त्यावर आणू नका. सीटही इतकी खाली असते की ती बसायला नाहीच, गुडघ्यांमध्ये सायकल धरायला आहे. घरापासून पार्कापर्यंत एकदाच चालवत गेले. मांड्या इतक्या भरून आल्या की ट्रॅकवर दोन चकरांत थांबले. आता गाडीतून नेते.

नवीन घ्यायची तर एक हजार डॉलरच्या वर तयारी ठेवा. तेवढे नसतील तर जुनी चांगली घ्या, पण गिअरवाली स्वस्त नवी घेऊ नका. हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड यांत काटकसर नको. माती ओली असेल त्या दिवशी घरीच राहा. ओल्यात चाकांच्या चरा पडतात आणि त्या बुजवायला फावडं घेऊन कुणीतरी राबत असतं. गेल्या वसंतात एका शनिवारी मीही फावडं धरलं. रोलरचा माथा फावड्याच्या पाठीने थोपटून गोल करायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी कळलं.

दोन उन्हाळ्यांत मॅजेस्टीच्या फ्रेमला दोन ओरखडे आणि एक पोचा, तोही माझ्या पायडलचाच. मागचा टायर मधोमध गुळगुळीत झालाय. पुढच्या महिन्यात बदलणार, पुन्हा डीटीएचच घेणार. लेकीची उंची आता माझ्या कानापर्यंत आली आहे आणि रविवारी ती माझी सायकल मागू लागली आहे.